देवी म्हणजे काय ताप हाय?

बेळगावशेजारच्या हिंडलग्यात आजही कुणालाही विचारा, पारूबाईनं देवीला सुई दाखवली आणि पोरगी घालवली, असंच सांगतील. सांगणाऱ्याच्या जिभेला हाड नसतं. ज्या बायका त्या दिवशी ओटीचं सामान घेऊन तिच्या सोप्यात दाटीवाटीनं बसल्या होत्या, त्याच आता पाण्याला जाताना हे बोलतात, आणि वर तोंडाला पदर लावून चुकचुकतात. पारूबाई त्यांच्या शेजारनं घागर घेऊन जाते. तिला सगळं ऐकू येतं. ती आता भांडत नाही.

मालू तिची एकुलती एक. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नवससायास करून झालेली. रंगानं सावळी, अंगानं काटकुळी आणि तोंडानं अशी की शाळेतले गुरुजीसुद्धा तिला प्रश्न विचारायच्या आधी दमानं घेत. नवरा भरमू भात आणि रताळी पिकवायचा. धाकटा दीर भावकू याचा टेम्पो होता, तो गावची भाजी बेळगावच्या बाजारात टाकायचा. सासू राजाबाई घराची मालकीण, आणि मालूवर तिचा जीव पारूबाईपेक्षा कणभर जास्तच. हे आधी सांगून टाकलेलं बरं. पुढचं ऐकून कुणी म्हणेल की सासू वैरीण होती. वैरीण असती तर पारूबाईला सोपं गेलं असतं.

एक्क्याऐंशी सालच्या सुगीत पोरगी पाणी पिऊ लागली. पिऊ लागली म्हणजे किती? तांब्याला तोंड लावलं की तळ दिसेपर्यंत. सारखी लघवीला पळायची, भाकरीवर भाकरी खायची आणि तरी अंगावरचं मांस उतरत चाललेलं. राजाबाई म्हणाली, नजर लागली. शेजारची रुक्माबाई म्हणाली, जंत असतील. भरमू म्हणाला, वाढीचं वय आहे. अशी सगळ्यांची शहाणपणं चालली होती, तोवर एक दिवस मालू खळ्यावरच आडवी झाली. श्वास असा खोल खोल, जणू डोंगर चढून आली आहे, आणि तोंडाला पिकून उतरलेल्या केळ्याचा वास. भावकूनं भरल्या टेम्पोतली भाजी तिथंच उतरवली आणि तिला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेली. म्हणून वाचली.

तिथले डॉक्टर यरगट्टी हे गोकाकाकडचे. मराठी बोलायचे, पण मधेच कानडीत घसरायचे. माणूस चांगला. खेडवळ बाईला काय कळतंय म्हणून तिला वाटेला लावायची, असं त्यांनी केलं नाही. पारूबाईला समोर बसवून घेतलं आणि पोटात जठराच्या मागं स्वादुपिंड म्हणून एक अवयव असतो, इथून सुरुवात केली. त्यात म्हणे बारकी बारकी बेटं असतात. त्या बेटांवरच्या पेशी इन्शुलिन तयार करतात, त्यानं रक्तातली साखर अंगी लागते. मालूच्या त्या पेशी मेल्या होत्या. पारूबाईला वाटलं, रताळी खाऊन मेल्या. तिनं तसं विचारलंही.

डॉक्टरांनी मान हलवली. "गोड खाऊन नाही, बाई. तुमच्या गावात जेल आहे ना? तिथं पोलीस असतात. तसे रक्तातही असतात, पांढऱ्या पेशी. बाहेरचा रोग आत शिरला की त्याला धरायचं आणि मारायचं, हे त्यांचं काम. एकदा बघितलेला चोर ते विसरत नाहीत. पण हिच्या अंगातले पोलीस स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांनी आपलेच आचारी मारले. चोर समजून. तिळीता? कळलं का?"

पारूबाईला तिळीलं. एवढं चांगलं तिळीलं की तिच्या अंगावर काटा आला. तिनं विचारलं, त्यांना असं करायला सांगितलं कुणी? डॉक्टर म्हणाले, ते अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. एखाद्या जुन्या बारीक तापात कुठला तरी चोर आचाऱ्यासारखा दिसला असेल, किंवा काहींच्या रक्तातच तशी खोड असेल. मी शिकत होतो तेव्हा आमच्या पुस्तकात हे नव्हतंच, आत्ता आत्ता कळायला लागलंय, असंही त्यांनी कबूल केलं.

"मग त्यास्नी समजावून सांगता यायचं न्हाय व्हय?" पारूबाई म्हणाली. "म्हणावं, ही आपलीच माणसं हाईत."

 डॉक्टर म्हणाले, जगातले मोठमोठे लोक तेच शोधतायत, बाई, तोवर सुई. रोज, जन्मभर. ताप आला तरी सुई, उलट्या झाल्या तरी सुई, पोरगी जेवली नाही तरी सुई. तापात तर जास्तच लागते. हे त्यांनी तिच्याकडून पाठ म्हणून घेतलं, शाळेतल्या पोरीसारखं. तिनं म्हटलं आणि ते तिच्या डोक्यात कायमचं बसलं.

घरी आल्यावर पारूबाई सगळं शिकली. ओल्या वाळूच्या मडक्यात औषधाची बाटली ठेवायची, काचेची पिचकारी नि सुई उकळून घ्यायची, मांडीवर कुठं टोचायचं, सगळं. दवाखान्यानं एक निळं औषध दिलेलं होतं. नळीत ते घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर झकास, विटेसारखं लाल झालं तर साखर भरपूर. सुनेनं घरात मूत उकळावं हे बघून राजाबाईनं आधी देव पाण्यात घातले, मग देवघर पलीकडच्या खोलीत हलवलं, आणि शेवटी नातीपायी तेही गिळलं. मालू तर बिलंदरच. निखाऱ्यातलं रताळं चोरून खायची आणि नळी लाल झाली की म्हणायची, औषधच नासलंय. पारूबाई पाठीत धपाटा घालायची आणि तोंड फिरवून हसायची.

असं दीड वर्ष गेलं. पोरगी अंगानं भरली, वर्गात पहिल्या बाकावर बसू लागली. डॉक्टर म्हणाले, शाबास. आणि मग त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावात कांजिण्या आल्या.

आता कांजिण्या म्हणजे डॉक्टरांच्या लेखी रोग. गावाच्या लेखी ती देवी. मोठी देवी देशातनं कायमची गेली असं रेडिओवर सांगून झालं होतं, तेव्हापासून तर सगळी भक्ती या धाकटीच्याच वाट्याला आली होती. घरात कुणाच्या अंगावर फोड उठला की दाराला लिंबाचा डहाळा बांधायचा. फोडणी बंद, तळण बंद, पायताण घालून आत यायचं नाही. दहीभात, आंबील, गूळपाणी, देवी मागेल ते थंड आणि गोड द्यायचं. औषधाचं नाव काढायचं नाही. आणि सुई तर मुळीच नाही. देवी ज्या अंगात बसली त्या अंगाला लोखंड टोचायचं म्हणजे तिलाच टोचलं की.

मालूच्या पाठीवर पहिले फोड दिसले त्या सकाळी पारूबाई सवयीनं सुई उकळायला ठेवत होती. राजाबाईनं येऊन भांडं उतरवलं. पारूबाई म्हणाली, आत्ती, डॉक्टरांनी बजावलंय, तापात सुई थांबवायची न्हाय.

"तापात न्हवं का?" राजाबाई म्हणाली. "देवी म्हणजे काय ताप हाय?"

 डॉक्टरांनी ताप सांगितला होता, उलट्या सांगितल्या होत्या. देवीचं ते काही बोलले नव्हते. कसे बोलतील? शिकलेला माणूस, दाराला लिंब बांधलेल्या घरात तो कधी झोपला नव्हता. त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि पारूबाई तरी कुठली आभाळातनं पडली होती? तिच्या आईनं तिच्या अंगावरची देवी अशीच काढली होती. तिचा हात थांबला. मनात मात्र पाठ केलेलं चालूच होतं, ताप आला तरी सुई, उलट्या झाल्या तरी सुई.

दुपारी तिनं भरमूला परड्यात गाठलं. भरमू मान खाली घालून विळ्याला धार लावत राहिला. त्याचा एक थोरला भाऊ होता, मोठ्या देवीत गेलेला. सरकारी टोचणाऱ्यानं अंगावर देवी असताना त्याला टोचलं आणि आई कोपली, असं राजाबाई जन्मभर सांगत आली होती. त्या पोराचं नाव निघालं की अजून तिचा घास अडायचा. भरमू म्हणाला, थोडं दम धर, देवी उतरू दे, मग दे की सुई, मी काय नगं म्हणतोय? त्याच्या आवाजात धाक नव्हता, भीती होती. धाक असता तर पारूबाई त्याच्याशी भांडली असती.

नळी उकळायचीही सोय उरली नाही, कारण देवी बसलेल्या घरात मूत उकळायचं नाही. गूळपाणी मात्र वाटीवर वाटी चाललं होतं. मालू मागत होती आणि आजी देत होती, देवी संतोष पावतीया म्हणत. पोरगी पुन्हा तांब्याला तोंड लावून पाणी पिऊ लागली. राजाबाई म्हणाली, देवीची आग हाय, शांत हूं दे. पोरीला उलट्या झाल्या, तेव्हा म्हणाली, देवी आतलं काढून टाकतीया. सगळ्याला उत्तर तयार होतं. इकडे फोड मात्र खरंच सुकायला लागले, त्यांच्यावर खपली धरू लागली, आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पारूबाईलाही वाटलं. उद्या देवीची बोळवण झाली की पहिली सुई, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. मडक्यातली वाळू तिनं रोज न चुकता ओली ठेवली होती.

त्या उद्याच्या दुपारी ती विहिरीवरून आली तर दारात पायताणांचा ढीग. सोपा बायकांनी भरलेला. मधे घोंगड्यावर मालू, उशाला लिंबाचा पाला, कपाळभर कुंकू. तिची छाती वरखाली होत होती. श्वास खोल, जोराचा, घुमल्यासारखा. रुक्माबाई हात जोडून म्हणत होती, आई आली, अंगात आली गं, वास तरी बघा कसा फळाफुलांचा सुटलाय. बाकीच्या एकेक करून पुढं सरकत होत्या. खण, नारळ, तांदूळ ठेवत होत्या आणि त्या पोरीच्या पायावर डोकं टेकून विचारत होत्या. रुक्माबाईनं विचारलं, माझ्या नागोजीला फौंड्रीत घेतील का? कुणी तरी विचारलं, लेकीला पोर कधी होईल? मालू काही बोलत नव्हती, नुसती श्वास घेत होती. राजाबाई कोपऱ्यात बसून रडत होती, आनंदानं. आपल्या घरात, आपल्या नातीच्या अंगात साक्षात गावदेवी मरगाई.

पारूबाईच्या हातातली घागर तिथंच राहिली. हा श्वास तिनं खळ्यावर ऐकला होता. हा वास तिला ठाऊक होता. ती बायकांवरून उड्या टाकत आत गेली, मडक्यातनं बाटली काढली, सुईत औषध भरलं आणि बाहेर आली. उकळायची वगैरे शुद्ध तिला नव्हती.

एकच कालवा झाला. रुक्माबाई आडवी आली, कुणी पदर धरला, कुणी हात. राजाबाई उठून मालूच्या अंगावर पाखर घालून बसली. माझा थोरला असाच घालवला, हिला घालवू देणार न्हाय, म्हणाली. भरमू दारात येऊन उभा राहिला. पारूबाईनं ओरडून सांगितलं की ही देवी नव्हे, हे साखरेचं दुखणं आहे, पोरगी मरायला टेकलीय. कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. देवीला दुखणं म्हणणाऱ्या बाईचं कोण ऐकतंय?

मग तिला एक युक्ती सुचली. वेळ अशी की माणूस बुडताना काडीला धरतं. यांच्याशी भांडून होणार नाही, तर यांच्याच बोलीत बोलावं. पोरगी मघापासून कुणाच्याच प्रश्नाला ओ देत नव्हती, हे तिनं बघितलं होतं. तिनं सगळ्यांना हात जोडले, म्हणाली, बायांनो, तुम्ही सगळं देवीला विचारताय, मलाही एक विचारू द्या. तिची आज्ञा आसंल तरच सुई देईन. यावर कुणाला नाही म्हणता येईना. बायका बाजूला झाल्या. पारूबाई गुडघ्यावर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणाली,

"आई, हिला सुई देऊ का? नगं आसंल तर आत्ता सांग. गप राह्यलीस तर मी समजंन, तुझा होकार हाय."

 मालूनं डोळे उघडले. आईचा आवाज एवढ्या जवळून आला म्हणून उघडले असतील. तिनं आईकडे बघितलं, आईच्या हातातल्या सुईकडे बघितलं. गेलं दीड वर्ष रोज सकाळी सुईला भिऊन, अंथरुणात मांडी आवळून ती जे म्हणायची, पारूबाईनं कितीही समजावलं, दटावलं तरी जे म्हणायचीच, तेच तिच्या तोंडातनं आलं, स्पष्ट.

"नगं."

बायकांनी जमिनीवर डोकी टेकली. भरमू पुढं आला, पारूबाईच्या बोटांतनं त्यानं सुई काढून घेतली आणि वर फळीवर ठेवली. त्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. त्यानंही लेकीला हात जोडले.

पारूबाई तशीच अनवाणी रस्त्यावर पळाली. बाजारातनं परतणारा भावकूचा टेम्पो तिला जेलच्या वळणावर भेटला. भावकूनं काही विचारलं नाही. घरात शिरला, बायकांच्या शिव्याशाप अंगावर घेत पोरीला उचललं आणि टेम्पो माघारी फिरवला. दिवस कलता दवाखाना गाठला. डॉक्टर यरगट्टींनी सलाईन लावलं, इन्शुलिन दिलं, स्वतः खाटेजवळ उभे राहिले. दिवस बुडायच्या आत मालू गेली.

डॉक्टरांना संताप आला होता, तो त्यांच्या तोंडावर दिसत होता. त्यांनी विचारलं, सुई का थांबवली? पारूबाईनं सांगितलं, अंगावर देवी होती. डॉक्टरांनी पोरीचा हात उचलून खपल्या बघितल्या आणि त्यांचा राग कुठल्या कुठं गेला. हळू आवाजात म्हणाले, कांजिण्या तर सुकल्यात. हिच्या पोलिसांनी त्यांना बरोबर ओळखलं, चोख काम केलं, कांजिण्यांनी हिला काहीही झालं नसतं.

"म्हणजे नुसती सुई चालू आसती तर?" पारूबाईनं विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाले. मग स्वतःशीच म्हणाले, देवीचं मी सांगायला हवं होतं.

माती झाली, दिवस घातले. रुक्माबाईच्या नागोजीला त्याच महिन्यात फौंड्रीत घेतलं आणि बोलायला तोंड फुटलं. देवी आली होती, प्रसन्न झाली होती, बघा की, नागोजीचं कल्याण करून गेली. घरच्या बाईनं सुई दाखवली म्हणून रुसली आणि जाताना पोरीला घेऊन गेली. 'नगं' म्हणून तिनं सांगितलं होतं की नाही? सगळ्यांनी ऐकलं की नाही? राजाबाई हे बोलली, आणि बोलून छाती बडवून रडली. भरमू बोलला नाही. पण कुणी बोललं तर त्यानं त्याला गप्पही केलं नाही. आपण आणि आपल्या आईनं मिळून आपली पोरगी मारली, हे मनात घेऊन माणसानं भाताला पाणी कसं द्यायचं? त्यापेक्षा देवी रुसली हे बरं. पारूबाईला त्याची कीवही आली आणि त्याच्याशेजारी झोपायची किळसही आली.

मरगाईची जत्रा आली तशी राजाबाईनं विषय काढला. आईची क्षमा मागायला हवी, नाही तर घराला बाधेल. पारूनं भर देवळात नारळ ठेवून, चुकले म्हणायचं. भरमू म्हणाला, म्हण की, एका शब्दानं काय जातंय? पारूबाईनं नाही म्हटलं नाही. तिनं न्हाऊन हिरवं लुगडं नेसलं, ओटी घेतली आणि सगळ्यांबरोबर चालत गेली. देऊळ माणसांनी भरलं होतं. तिला बघून बायकांनी वाट करून दिली. पुजाऱ्यानं ढोल थांबवला.

पारूबाईनं देवीच्या डोळ्यांकडे बघितलं. लहानपणापासून ती याच मूर्तीपुढं वाकत आली होती, आणि अजूनही तिला देवी खोटी वाटत नव्हती. ओटी तिनं खाली ठेवली.

"मी तुझी क्षमा मागायची कशाला?" ती म्हणाली. "तू त्या दिवशी आमच्या घरात न्हवतीस. तितं माझी मालू हुती, एकलीच. आन ती मला भ्याली हुती."

 पुजाऱ्यानं राजाबाईच्या हातातला नारळ घेऊन स्वतःच फोडला, आणि ढोल पुन्हा सुरू झाला.